आधी रिकामी कॅव्हिटी मोज

नुकतीच पीएचडीला लागलीस, म्हणून सांगते. अतिवाहकाचा (सुपरकंडक्टरचा) नमुना आत ठेवायची घाई नको. आठवडाभर रिकामी तांब्याची कॅव्हिटीच, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी जिच्यात घुमतात ती पोकळ डबी, मोज, खोलीच्या तापमानाला आणि मग द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला. अनुनादाच्या वारंवारतेला त्याच्या शिखराच्या अर्ध्या शक्तीवरच्या रुंदीने भागलं की क्यू मिळतो, म्हणजे ऊर्जेचा तोटा किती कमी आहे ते सांगणारा आकडा. तुझं सगळं काम या एका आकड्यावर उभं राहणार आहे.

कपलिंग, म्हणजे कॅव्हिटीची बाहेरच्या तारेशी जोडणी, सैल ठेव, अगदी सैल. लहरी आत सोडणारा तारेचा लूप जास्त आत सरकला की शिखर रुंदावतं आणि तो तोटा नमुन्याचा वाटतो. माझा तीन महिन्यांचा डेटा यातच वाया गेला, आजही हळहळ वाटते.

यिट्रियम बेरियम कॉपर ऑक्साइड साधारण ९२ केल्विनला अतिवाहक होतं. तापमान अगदी हळू वाढव, नाहीतर नमुना मागे राहतो आणि थर्मामीटर पुढे पळतो. वारंवारताही बदलून बघ: धातूचा पृष्ठरोध (पृष्ठभागाचा लहरींना होणारा रोध) तिच्या वर्गमुळाने वाढतो, अतिवाहकाचा जवळपास वर्गाने. हा फरक स्वतःच्या आलेखात दिसला की फार आनंद होतो गं.

आणि नागपूरचा पावसाळा लक्षात ठेव. थंड कॅव्हिटी लगेच उघडलीस तर नमुन्यावर दव धरतं, आणि या पदार्थाला पाणी सोसत नाही. कोरडा नायट्रोजन सोडत रात्रभर तशीच राहू दे.