नवजात कक्षाची सफाई: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या नर्सिंग होमच्या नवजात कक्षात सहा वॉर्मर (बाळाला वरून ऊब देणारे उघडे बिछाने) आणि दोन काचपेट्या (इन्क्युबेटर) आहेत. मावशी दिवसातून तीनदा फिनेलने फरशी पुसतात, महिन्यातून एकदा फॉगिंग (जंतुनाशकाची धुक्यासारखी फवारणी) होतं. तरी दोन महिन्यांत तीन बाळांच्या रक्तात क्लेबसिएला हा जंतू निघाला. चुकतंय कुठे?
– इन्चार्ज सिस्टर, हडपसर

उत्तर: सिस्टर, फरशी चकाचक असली तरी बाळ काही फरशीवर झोपत नाही. हा जंतू पसरतो मुख्यतः हातांवरून आणि टिकतो ओलाव्यात. आधी तिन्ही कल्चर रिपोर्ट (रक्तातला जंतू वाढवून केलेली तपासणी) शेजारी ठेवून बघा. कुठली अँटिबायोटिक लागू पडतात, कुठली नाही, हे तिन्हींत सारखंच असेल तर उगम एकच असण्याची शक्यता मोठी. मग ओल्या जागा धुंडाळा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत नळाचं पाणी तर जात नाही ना? उरलेल्या पाण्यात वरून भर घालायची सवय फार वाईट. रोज बाटली पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून निर्जंतुक पाणी भरायचं. सक्शनची बरणी, बेसिनची जाळी, आणि एकाच सलाईनच्या बाटलीतून सगळ्या बाळांसाठी ओढलेलं फ्लश (शिरेतली नळी साफ करायचं सलाईन), हेही तपासा. हे शेवटचं सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही.

फिनेलच्या वासाला आपण स्वच्छतेचा पुरावा मानतो. पण फिनॉल असलेली जंतुनाशकं बाळाच्या पेटीला किंवा बिछान्याला लावायचीच नाहीत. त्यांचा अंश बाळाच्या शरीरात गेल्याने कावीळ वाढल्याची नोंद आहे. फॉगिंगचा खर्च वाचवा. फवारणी घाण काढत नाही, आणि घाणीखाली जंतू सुखरूप राहतात. घासणं हाच खरा उपाय.

काचपेटी रोज बाहेरून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसा. बाळ घरी गेलं की, किंवा बाळाचा मुक्काम लांबला तर आठवड्याला बाळ दुसऱ्या पेटीत हलवून, ती पूर्ण सुटी करा. हात घालायच्या खिडक्यांची रबरं, बिजागऱ्या, गादीखालचा ट्रे आणि पाण्याची टाकी इथे दुधाचे ओघळ सुकून बसतात. गादीच्या रेक्झिनला टाचणीएवढी चीर दिसली तरी गादी बदला. आतला फोम पुसता येत नाही. पारदर्शक झाकणाला स्पिरिट नको. ॲक्रिलिकला बारीक तडे जातात आणि त्यात घाण अडकते.

प्रश्न: पुसायच्या पाण्यात हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) किती घालायचं? आमच्याकडे अंदाजाने ओततात.
– वॉर्ड सुपरवायझर, पिंपरी

उत्तर: कॅनवरची टक्केवारी वाचा, ५ टक्केही मिळतं, १० टक्केही. ५ टक्क्यांचं असेल तर फरशी आणि रिकाम्या टेबलांसाठी १०० मिली घेऊन पाण्याने ५ लिटर करा, म्हणजे ०.१ टक्का. रक्त सांडलं असेल तर एक भाग औषध, नऊ भाग पाणी. हातमोजे घालून आधी कागदाने रक्त टिपून घ्या, मग द्रावण ओतून १० मिनिटं थांबा. आधी साबणाने पुसल्याशिवाय हायपो लावून उपयोग नाही, मळ त्याची ताकद खाऊन टाकतो. द्रावण रोज नवं करा, झाकून ठेवा. उन्हात आणि उघड्यावर ते उतरतं. टॉयलेटच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि झाडू नवजात कक्षात नकोच. ओला मॉप, आतून दाराकडे, आणि काम झाल्यावर मॉप धुऊन उन्हात. बादलीत भिजत ठेवलेला मॉप म्हणजे जंतूंची नर्सरी.

प्रश्न: सुनेला कक्षात जाताना हिरव्या बांगड्या काढायला लावल्या. हा अतिरेक नाही का? आणि तिने बाळाला छातीशी घेतलं तर तिचे जंतू त्याला लागणार नाहीत?
– एक आजी, धायरी

उत्तर: आजी, अंगठी, घड्याळ आणि बांगड्यांखाली पाणी नीट पोचत नाही, साबणही नाही. घरी आल्यावर खुशाल भरा. आत जाताना कोपरापर्यंत दोन मिनिटं हात धुवायचे, मोबाईल बाहेर. छातीशी घेण्याची मात्र भीती नको. कांगारू पद्धतीने (बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणं) आणि आईच्या दुधाने कमी वजनाच्या बाळांमधला जंतुसंसर्ग उलट कमी होतो. सुनेला सर्दी-ताप असेल तर तेवढं सिस्टरना आधी सांगा.