क्लब मालकाचा असेल, तर पाठीराख्यांचा हक्क कोणता?

प्रश्न : इंग्लंडमधील फुटबॉल क्लब खासगी मालकीचे आहेत आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला लीग व फुटबॉल असोसिएशन आहेतच. असे असताना तेथील पाठीराख्यांनी खेळाच्या कारभारासाठी कायद्याची मागणी का लावून धरली आणि त्यातून त्यांच्या पदरात काय पडले?

उत्तर : आपल्या प्रश्नातील ‘आहेतच’ या शब्दापाशीच पाठीराख्यांची तक्रार सुरू होते. लीग म्हणजे क्लबांचीच संघटना. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तेथील सर्वोच्च श्रेणीत, एखादा नियम बदलायचा तर २० पैकी १४ क्लबांची मते लागतात. म्हणजे ज्यांच्यावर लगाम घालायचा, त्यांच्याच हाती तो दिलेला.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बरी या क्लबचे आहे. १८९४ पासून फुटबॉल लीगमध्ये (प्रीमियर लीगच्या खालच्या तीन श्रेणी चालवणारी संघटना) असलेला आणि एफए कप ही बाद फेरीची जुनी स्पर्धा दोनदा जिंकलेला हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला. पुढच्याच वसंतात संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली, पण देणी भागवण्यासाठी पैसा कोठून येणार याचा समाधानकारक पुरावा नवे मालक लीगला देऊ शकले नाहीत. २७ ऑगस्ट २०१९ रोजी क्लबला नवा खरेदीदार मिळणार या आशेने शेकडो लोक झाडू आणि बादल्या घेऊन गिग लेन मैदानावर जमले आणि पुढच्या सामन्यासाठी खुर्च्या पुसू लागले. दुपारी तो व्यवहार फिसकटला आणि रात्री लीगने क्लबची हकालपट्टी केली. विकत घेणाऱ्याची ऐपत आधी तपासायची की क्लब बुडाल्यावर, हा साधा प्रश्न त्या दिवसानंतर कोणालाच टाळता आला नाही.

तक्रारी अर्थात त्याआधीच्याही होत्या. २००२ मध्ये विम्बल्डनला लंडन सोडून मिल्टन कीन्सला जाण्याची परवानगी मिळाली, तेव्हा पाठीराख्यांनी स्वतःचा नवा क्लबच उभारला. २०१२ मध्ये कार्डिफ सिटीच्या मालकांनी संघाचा निळा गणवेश लाल करून टाकला. तो पुन्हा निळा व्हायला २०१५ उजाडले. मात्र राजकारण्यांना जाग आली ती एप्रिल २०२१ मध्ये, जेव्हा सहा बड्या इंग्लिश क्लबांनी युरोपियन सुपर लीग या बड्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेत सामील होण्याची घोषणा केली आणि चाहत्यांच्या संतापापुढे दोन दिवसांत माघार घेतली. (बरी बुडाला तेव्हा मात्र इतकी धावपळ झाली नव्हती.) खासदार ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखालील समीक्षेने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र नियामकाची शिफारस केली. पहिले विधेयक २०२४ च्या निवडणुकीमुळे बारगळले, आणि कायदा झाला तो जुलै २०२५ मध्ये.

या कायद्यानुसार पुरुषांच्या वरच्या पाच श्रेणींतील ११६ क्लबांना परवाना घ्यावा लागेल. मालक होऊ पाहणाऱ्याची योग्यता आणि त्याच्या पैशाचा उगम नियामक तपासेल. नियामकाच्या संमतीवाचून मैदान विकता येणार नाही. आणि बोधचिन्ह किंवा घरच्या गणवेशाचा रंग बदलायचा तर बहुसंख्य पाठीराख्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. तरीही ही मालकी नव्हे. जर्मनीत बहुतेक क्लबांमध्ये मतदानाचे बहुमत सभासदांच्या मंडळाकडेच राहते, तसे इंग्लंडमध्ये काहीही झालेले नाही. माझ्या मते पाठीराख्यांना मिळाले ते घरातील महत्त्वाची चीजवस्तू परस्पर विकू न देण्याचे संरक्षण. घर चालवण्याचा अधिकार मिळालेला नाही.

तिकिटांच्या दरांबाबत तर क्लबने पाठीराख्यांशी सल्लामसलत करायची, एवढेच बंधन आहे. दरांवर मर्यादा नाही. तेथे जुनाच मार्ग उरतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलने सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे करण्याचे ठरवले, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. त्या वेळी २-० ने पुढे असलेल्या लिव्हरपूलला अखेर २-२ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले, आणि काही दिवसांतच मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली.