वाचकांचे प्रश्न : कैदेत मृत्यू आलेल्या नौदल अधिकाऱ्याची आठवण

गेल्या अंकात अमेरिकन नौदलातले अधिकारी फ्रान्सिस जोसेफ ब्रिजेट यांच्यावर छोटं टिपण छापलं होतं. फिलिपिन्समध्ये लढलेल्या ब्रिजेट यांचा जानेवारी १९४५ मध्ये जपानी कैदी-जहाजावर मृत्यू झाला. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ब्रिजेट वैमानिक होते, मग जमिनीवरच्या लढाईशी त्यांचा संबंध कसा? आणि मृत्यू कैदेत झाला, तर आठवण नेमकी कोणत्या कामाची ठेवायची?

दोन्ही कामांची : जमिनीवरच्या लढाईतल्या आणि कैदी-जहाजावरच्या. आजवर बहुतेक वेळा पहिलंच सांगितलं गेलं, म्हणून दुसऱ्याला इथे जरा जास्त जागा देतो.

ब्रिजेट ‘पेट्रोल विंग टेन’ या टेहळणी विमानांच्या दलात होते. डिसेंबर १९४१ मध्ये विमानं नष्ट झाली, उरलेली दक्षिणेकडे निघून गेली आणि माणसं मागे राहिली. जानेवारी १९४२ मध्ये मनिलाजवळच्या बातान द्वीपकल्पाच्या टोकाला, मारिवेलेस इथे, या माणसांची ‘नेव्हल बटालियन’ उभी केली गेली आणि तिची सूत्रं ब्रिजेट यांच्याकडे आली. विमानदलाचे लोक, कॅनोपस या पाणबुडी-पुरवठा जहाजाचे खलाशी, दारूगोळा कोठारातले कामगार आणि थोडे मरीन असे सुमारे सहाशे जण त्यात होते. बहुतेकांनी जमिनीवर रायफल चालवलेली नव्हती. पांढरे गणवेश जंगलात दुरून दिसतील म्हणून ते कॉफीत रंगवले, तर खाकीऐवजी मोहरीसारखा पिवळा रंग आला. २३ जानेवारीला लोंगोस्कावायान टोकावर जपानी तुकडी उतरली, तेव्हा याच माणसांनी तिला आत घुसू दिलं नाही. पण तिला तिथून हुसकावणं त्यांना जमलं नाही. ते काम कोरेगिडॉर या बेट-किल्ल्यावरच्या बारा इंची उखळी तोफांच्या माऱ्यानंतर आणि फिलिपिन स्काउट्सच्या (अमेरिकन लष्करातल्या फिलिपिनो सैनिकांच्या दलाच्या) ५७व्या रेजिमेंटची कुमक आल्यावर महिनाअखेरीस पुरं झालं. ब्रिजेट यांचं श्रेय सांगताना स्काउट्सचं नाव गाळणं हा अन्याय आहे, आणि तो वारंवार होतो.

मे १९४२ मध्ये मनिला उपसागराच्या तोंडावरचे किल्ले पडले आणि ब्रिजेट कैदी झाले. अडीच वर्षांनी, १३ डिसेंबर १९४४ ला, सुमारे १,६२० कैद्यांसह त्यांना मनिलाहून ओर्योकू मारू या जहाजावर चढवलं. त्यात अधिकारीच जास्त होते. होल्ड, म्हणजे जहाजाच्या तळातली मालाची कोठी, बंद, हवा नाही, पाणी जवळपास नाही. पहिल्याच रात्री गुदमरून माणसं गेली आणि काहींचं भान सुटलं. वाचलेल्यांच्या जबान्यांत ब्रिजेट यांचं नाव येतं ते इथे. कुणी हलू नये, ओरडू नये, आहे ती हवा पुरवावी, हे ते शांत आवाजात पुन्हा पुन्हा सांगत राहिले. हे युद्धाच्या नकाशावर दिसत नाही, पण अशा होल्डमध्ये माणूस जगणं किंवा न जगणं यावर ठरत होतं. आमच्या मते नौदल अधिकारी म्हणून त्यांचं सगळ्यांत मोठं काम हेच. पुढे ‘ब्रिजेट’ नावाची एस्कॉर्ट नौका अमेरिकन नौदलात दाखल झाली, ती त्यांच्याच नावाची.

प्रश्न : एका ठिकाणी ‘ओर्योकू मारूवर मृत्यू’ असं लिहिलेलं असतं, दुसरीकडे ‘एनोउरा मारू’, तिसरीकडे ‘ब्राझील मारू’. तारखाही वेगळ्या. खरं काय मानायचं?

कैद्यांचा एकच जथा या तीन जहाजांतून गेला, म्हणून हा गोंधळ होतो. आधी क्रम लावून घ्या.

ओर्योकू मारूवर अमेरिकन विमानांनी १४ आणि १५ डिसेंबरला सुबिक उपसागरात हल्ला केला. आत कैदी आहेत हे वैमानिकांना कळण्याची सोय नव्हती, कारण जहाजावर तशी खूण नव्हती. वाचलेल्यांना ओलोंगापोच्या टेनिस कोर्टवर काही दिवस उघड्यावर ठेवलं. तिथून सान फर्नांडो, पम्पांगा. मग रेल्वेने सान फर्नांडो, ला युनियन. सान फर्नांडो नावाची ही दोन वेगळी गावं आहेत आणि निम्मे लेख इथेच चुकतात. पहिलं मनिलाच्या उत्तरेला, आत जमिनीवर आहे, दुसरं किनाऱ्यावरचं बंदर. २७ डिसेंबरला या बंदरातून एनोउरा मारू आणि ब्राझील मारू अशा दोन जहाजांवर कैदी विभागले गेले. ही जहाजं ताकाओला पोचली, म्हणजे आजच्या तैवानमधलं काओश्युंग. तिथे सगळ्यांना एनोउरा मारूवर आणलं आणि ९ जानेवारी १९४५ ला तिच्यावर बॉम्ब पडले. सुमारे तीनशे कैदी एका दिवसात गेले. उरलेल्यांना ब्राझील मारूवर घालून जहाज जपानकडे निघालं आणि जानेवारीच्या अगदी शेवटी मोजीला लागलं. या शेवटच्या टप्प्यात थंडी, तहान आणि जुलाबाने रोज माणसं जात होती. ब्रिजेट यांचा मृत्यू याच टप्प्यातला, ब्राझील मारूवरचा. १,६२० पैकी युद्ध संपेपर्यंत सुमारे चारशेच जगले.

तारखा वेगळ्या पडायची कारणं साधी आहेत. जहाजावरची नोंद कैद्यांनीच ठेवली, तीही कागदाच्या कपट्यांवर किंवा मनात, आणि याद्या नंतर जुळवल्या. जपानी सैन्य सगळीकडे टोकियोची वेळ पाळत असे, त्यामुळे मध्यरात्रीच्या आसपासचा मृत्यू एक दिवस पुढे-मागे दिसतो. वॉशिंग्टनहून निघालेल्या पत्रात तारीख तिथल्या दिवसाने पडली असेल, तर आणखी एक दिवस सरकतो. एका दिवसाचा फरक असेल तर भांडत बसू नका. आठवड्याचा फरक असेल, तर बहुधा जहाज चुकलं आहे. आधी जहाज पक्कं करा, मग तारीख.

प्रश्न : त्यांना पुरलं कुठे? कबरीला भेट देता येईल का?

ब्राझील मारूवर वाटेत गेलेल्यांना समुद्रातच सोडलं जाई. अशांची कबर नसते. एनोउरा मारूवरच्या मृतांची गोष्ट वेगळी. त्यांना ताकाओला सामूहिक खड्ड्यात पुरलं होतं. युद्धानंतर अमेरिकन दफन-नोंदणी पथकाने अवशेष काढले आणि ते होनोलुलूच्या पंचबोल दफनभूमीत अनोळखी म्हणून ठेवले गेले. अलीकडच्या वर्षांत ते पुन्हा उकरून डीएनए तपासणी सुरू झाली आहे. त्यासाठी आईकडच्या वंशातल्या नातेवाइकाचा नमुना सगळ्यांत उपयोगी. मृताच्या बहिणीच्या मुलीची मुलगी चालते, मृताचा स्वतःचा मुलगा या चाचणीला चालत नाही, कारण मायटोकाँड्रियाचा डीएनए आईकडूनच येतो.

ज्यांची कबर नाही अशांची नावं मनिला अमेरिकन दफनभूमीतल्या बेपत्तांच्या भिंतींवर आहेत. तिथे ३६,००० हून अधिक नावं आहेत. नावापुढे छोटं काशाचं फूल दिसलं, तर त्या माणसाची ओळख नंतर पटली आहे असं समजावं.

प्रश्न : अशा अमेरिकन अधिकाऱ्याची कागदपत्रं मिळवायला सुरुवात कुठून करावी? १९७३ च्या आगीत सगळं जळालं म्हणतात.

सेंट लुईसच्या सरकारी सेवा-नोंदींच्या अभिलेखागाराला लागलेल्या त्या आगीत प्रामुख्याने लष्कराच्या आणि हवाईदलाच्या फायली गेल्या. नौदलाच्या वाचल्या, तेव्हा त्या कारणाने कुणी हात हलवत परत पाठवलं तर पुन्हा विचारा. सेवा संपून किंवा मृत्यू होऊन ६२ वर्षं झाली की फाइल सर्वांसाठी खुली होते. म्हणजे १९४५ च्या मृत्यूला नात्याचा पुरावा लागत नाही. अर्जात पूर्ण नाव, जन्मतारीख, सेवा क्रमांक, शेवटचा हुद्दा आणि ‘अधिकारी’ हा उल्लेख द्या.

त्यासोबत ‘इंडिव्हिज्युअल डिसीज्ड पर्सोनेल फाइल’ वेगळी मागा. सेवा-फाइलीत बढत्या आणि बदल्या असतात, तर मृत्यूनंतरचा शोध, दातांचा तक्ता, कुटुंबाशी झालेला पत्रव्यवहार या दुसऱ्या फायलीत असतो. लोक पहिली मागवतात, त्यात काही नाही म्हणून निराश होतात. हुद्द्याबाबत एक सावधगिरी : कैदेत असतानाही बढत्या दिल्या जात, त्यामुळे पकडले गेले तेव्हाचा हुद्दा आणि अंतिम हुद्दा वेगळा असू शकतो. दोन्ही लिहा.

प्रश्न : माझा शोध ब्रिटिश अधिकाऱ्याचा आहे. ‘एक्सिटर’ क्रूझर १ मार्च १९४२ ला बुडाली तेव्हा ते पकडले गेले आणि मकासरला वारले. कबर आणि कागदपत्रं कुठे शोधू?

कबर बहुधा अंबोन युद्ध-दफनभूमीत असेल, कारण सेलेबिसमधल्या (मकासर जिथे आहे ते बेट, इंडोनेशियातलं आजचं सुलावेसी) कबरी युद्धानंतर तिथे हलवल्या. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी आधी पाहा. कबर नसेल तर नाव त्यांच्या मूळ नौदल-बंदराच्या स्मारकावर शोधा : प्लिमथ, पोर्ट्समथ किंवा चॅटम. एक्सिटर डेव्हनपोर्टची, म्हणजे प्लिमथच्या नौदल-तळाची, म्हणून आधी प्लिमथ.

मग लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये डब्ल्यूओ ३४५ ही मालिका. ही जपान्यांनी प्रत्येक कैद्याची केलेली कार्डं आहेत : आई-वडिलांची नावं, पकडल्याचं ठिकाण, छावणी. तारखा शोवा सनात असतात, त्यात १९२५ मिळवा. शोवा १७ म्हणजे १९४२. कार्डावर तिरपी लाल रेघ असेल तर तो कैदी छावणीत वारला. मागच्या बाजूची जपानी नोंद भाषांतर करून घ्या, मृत्यूचा तपशील तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. डब्ल्यूओ ३४४ मात्र सुटून आलेल्यांच्या प्रश्नावल्यांची. तुमच्या अधिकाऱ्याचं नाव तिथे नसणार, पण त्यांच्या छावणीतल्या सोबत्यांनी त्यांच्याविषयी लिहिलेलं असू शकतं. बेपत्तांच्या चौकशीसाठी एडीएम ३५८ पाहा.

प्रश्न : शाळेत स्मृतिफलक लावायचा आहे. मजकूर कसा असावा? आणि पदकं मिळतील का?

नाव, हुद्दा, नौदल, जन्म, मग ‘युद्धकैदी असताना मृत्यू’, जहाज किंवा छावणी, महिना आणि वर्ष. लढताना पडले असं लिहू नका, ते खरं नाही, आणि कैदेतला मृत्यू त्याहून कमी मोलाचा नाही. दिवसाबद्दल शंका असेल तर महिन्यावर थांबा, कोरलेली चूक दुरुस्त होत नाही. फलक काशाचा असेल तर सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश, कोरडं झाल्यावर मेणाचा पातळ थर. पितळ चमकवायची पेस्ट वापरली तर संरक्षक थर निघून जातो आणि हिरवे डाग लवकर येतात.

अमेरिकेचं युद्धकैदी पदक १९८५ च्या कायद्याने सुरू झालं आणि ते मरणोत्तरही मिळतं. कैदेत मृत्यू आलेल्यांना पर्पल हार्ट (शत्रूच्या हातून जखमी किंवा ठार झालेल्यांचं पदक) मिळण्याची वाट २००८ मध्ये मोकळी झाली. अर्ज ‘स्टँडर्ड फॉर्म १८०’ वर, पण नौदलात तो जवळच्या नातेवाइकाने करायचा : पुनर्विवाह न केलेली पत्नी, मुलं, आई-वडील, भावंडं. नातवंडं त्या यादीत नाहीत. मुलगा किंवा मुलगी हयात असेल तर अर्ज त्यांच्या सहीनेच जाऊ द्या.