मडगावचा ब्रोकर फोनवर शेअर सुचवतो. त्याचं ऐकावं की स्वतः अभ्यास करून घ्यावेत?

स्वतः अभ्यास करूनच घ्या. ब्रोकरचा फोन ही फार तर खबर समजा. तुम्ही घेतलं तरी त्याला दलाली, विकलं तरी दलाली. भाव पडला तर झळ फक्त तुम्हाला. पणजीत हिशेबाचं काम करतो, ताळेबंद रोज डोळ्यांखालून जातात, म्हणून सांगतो: वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं गोडगोड भाषण सोडा आणि थेट रोख प्रवाहाच्या तक्त्यावर जा. नफा दरवर्षी वाढतोय पण धंद्यातून रोकड येत नाही, म्हणजे बहुधा माल उधारीवर गेलाय किंवा गोदामात पडून आहे. मग प्रवर्तकांचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचे, किती शेअर कर्जापोटी गहाण आहेत ते बघा. दर तिमाहीची ही माहिती बीएसई, एनएसईच्या साइटवर फुकट मिळते. कंपनी ओळखीची आहे एवढ्यावरही जाऊ नका. गोवा कार्बन आपल्या पणजीची खरी, पण तिचा माल कॅल्साइन्ड पेट्रोलियम कोक (तेल शुद्धीकरणात उरणारा कोळशासारखा कच्चा कोक भाजून केलेला) आणि मोठं गिऱ्हाईक ॲल्युमिनियम कारखाने. तेव्हा बघायचा तो कच्च्या कोकचा भाव आणि ॲल्युमिनियमची मागणी. मात्र टेलिग्रामवरच्या टिपा वाचल्या म्हणजे अभ्यास झाला असं धरू नका (ब्रोकर परवडला!). अहवाल वाचायला वेळ किंवा गोडी नसेल तर सरळ इंडेक्स फंड (निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेणारा म्युच्युअल फंड) घ्या, नाहीतर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेला, फी घेणारा गुंतवणूक सल्लागार गाठा. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या साइटवर तपासता येतो.