आकाशाचे फोटो : वाचकांचे प्रश्न, एका टर्नरची उत्तरं

मागच्या अंकात मसाई पठारावरून काढलेला माझा मृगातल्या तेजोमेघाचा फोटो छापून आला आणि संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच घरी धाडला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न : टेलिस्कोप कोणता घेऊ? मी शिरोली एमआयडीसीत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्यामुळे माझ्या उत्तरांत काचेपेक्षा गिअर जास्त येतील, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी कॅमेरा आणि १८-५५ व ५५-२५० अशा दोन लेन्स आहेत. ८० हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. ८ इंची परावर्ती दुर्बीण घेतली तर गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचा फोटो येईल ना? (एक वाचक, सातारा)

उत्तर : दुर्बीण घेऊ नका. निदान या वर्षी तरी नको.

देवयानीचंच बघू. आकाशात ती सुमारे तीन अंश लांब पसरली आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीनं मांडावेत एवढी. ८ इंची दुर्बिणीचं नाभीय अंतर (फोकल लेंथ) साधारण १००० मिमी असतं. तुमच्या कॅमेऱ्याच्या २२.३ मिमी रुंद सेन्सरवर त्यातून जेमतेम सव्वा अंश आकाश मावेल. दीर्घिकेचा गाभा येईल आणि हातपाय चौकटीबाहेर. उलट तुमच्या झूम लेन्सला २५० वर पाच अंश दिसतात. देवयानीसाठी लागणारी काच तुमच्या कपाटात आहे. नाही ते तिच्या खालचं.

खालचं म्हणजे माउंट, कॅमेरा पेलून ताऱ्यांमागे फिरवणारं यंत्र. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातल्या विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). २५० मिमीवर तुमचा एक पिक्सेल ३ विकलांचा, म्हणजे तारा सेकंदाला पाच पिक्सेल पळाला. १००० मिमीवर वीस! त्याच्या मागे तेवढ्याच गतीनं, न गचकता फिरणारा एक अक्ष विकत घ्यायचा आहे. बाकी सगळी आरास. स्काय-वॉचरचा स्टार ॲडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगाइडर प्रो यांपैकी जो दुरुस्तीच्या हमीसकट मिळेल तो घ्या. दोन्हींवर पाच किलो क्षमता लिहिलेली असते. फोटोसाठी अडीच-तीनच धरा. क्रेनवर रंगवलेलं वजन कुणी रोज उचलत नाही.

ट्रायपॉड मात्र दणकट हवा. दुकानात त्याची परीक्षा होत नाही, घरी होते. कॅमेरा चढवा, एखाद्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करा, ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारा आणि तारा थरथरायचा थांबेपर्यंत आकडे मोजा. दोनच्या आत थांबला तर ठीक. पाचपर्यंत गेला तर मधल्या हुकाला वाळूची पिशवी लटकवा. तरीही थांबेना तर तो ट्रायपॉड लग्नाच्या शूटिंगवाल्याला देऊन टाका.

आता एक गोष्ट जी माहितीपुस्तकात सापडत नाही. साताऱ्याचा अक्षांश १७.७, म्हणून ध्रुव तारा तुमच्या क्षितिजापासून तेवढेच अंश वर, आणि माउंटचा अक्ष त्याच्याकडेच रोखायचा असतो. ही यंत्रं बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ४०-५० अंशांवरची गिऱ्हाइकं असतात. आपल्याकडे अक्ष जवळजवळ आडवा झोपतो आणि समतोलाच्या वजनाचा दांडा खाली येताना थोडा उत्तरेकडे झुकतो. पुस्तकात सांगतात तसा ट्रायपॉडचा एक पाय नीट उत्तरेला केलात, तर दांडा त्याच पायावर येतो. माझ्या मोठ्या माउंटवर पहिल्या हिवाळ्यात रात्री दोन वाजता ‘टक्’ असा आवाज झाला, मोटर गुरगुरत राहिली आणि पुढच्या चाळीस फोटोंत सगळ्या ताऱ्यांच्या रेघा. तेव्हापासून माझा एक पाय दक्षिणेला असतो आणि उत्तरेला दोन पायांमधली मोकळी जागा. पाय पूर्ण फाकवा, उंची कमी ठेवा.

राहिलेल्या पैशांतून शटरसाठी टायमर आणि लेन्सला गुंडाळायची गरम पट्टी घ्या. नोव्हेंबरात दव पडतं आणि फोटो आपोआप मऊ येऊ लागतात, कारण कळत नाही. बॅटरीवर चालणारं काही घेतलंत तर जोडण्याआधी मल्टिमीटर लावून अधिक-उणे तपासा. मी एकदा घाईत पिन उलटी जोडली. करपल्याचा वास आधी आला, अक्कल मागाहून.

देवयानीचा हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर. आपलं नशीब असं, की त्यातली हुकमी अमावास्या लक्ष्मीपूजनाची, म्हणजे वर्षातल्या सर्वांत काळ्या रात्री सर्वांत जास्त धूर. ती रात्र घरच्यांना द्या. बेत तिथीवरून आखा. संकष्टीचा चंद्रोदय भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलाच असतो. तो नऊच्या आसपास असेल तर थंडीत त्याआधी दीड-दोन तास अंधार मिळतो. पुढे रोज चंद्र उशिरा उगवतो आणि तुमची मुदत वाढत जाते.

प्रश्न : ठाण्यात दहाव्या मजल्यावर राहतो. बाल्कनी दक्षिणेकडे, वर स्लॅब, समोर रस्त्याचे पांढरे दिवे. ध्रुव तारा दिसणं शक्यच नाही. हा छंद माझ्यासाठी नाही असं समजू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुमच्या जागी युरोपातला हौशी माणूस असता तर त्या बाल्कनीसाठी भांडला असता. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ ठाण्याहून २३ अंश वर येतो. लंडनमधून तो कधीच उगवत नाही. मेच्या मध्याला रात्री साडेदहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो, आणि इतका ठळक, की दिव्यांच्या उजेडातही पन्नास-शंभर काही-काही सेकंदांचे फोटो एकावर एक रचले तर दाण्यांसारखे तारे सुटे होतात. एप्रिलअखेरीस पहाटे चारला धनू राशीतला लगून तेजोमेघ (एम ८) ४६ अंशांवर असतो, तुमच्या स्लॅबच्या खाली. मृग मात्र विसरा, तो स्लॅबआड.

ध्रुव दिसत नसला तरी अडत नाही. संगणकावर ‘निना’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. आकाशाच्या कुठल्याही भागात माउंटचा मुख्य अक्ष फिरवत तीन जागांचे फोटो घेऊन, त्यांतले तारे ओळखून ते तुमचा अक्ष किती चुकला ते सांगतं. तुम्ही फक्त स्क्रू फिरवायचे. बाल्कनीचं खरं दुखणं कंप हे आहे. फोटो चालू असताना घरात कुणी चाललं तरी तारा उडी मारतो, आणि कपड्यांचं मशीन चालू असेल तर बघायलाच नको.

पांढऱ्या दिव्यांबद्दल : जुने ‘लाइट पोल्युशन’ फिल्टर सोडियमच्या पिवळ्या दिव्यांसाठी होते. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, त्यामुळे ते आता फारसे उपयोगाचे नाहीत. तेजोमेघांसाठी दुहेरी अरुंद पट्ट्याचा फिल्टर घ्या, जो हायड्रोजनचा ६५६.३ आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटर एवढाच प्रकाश सोडतो. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची काच हायड्रोजनचा लाल रंग बराचसा अडवते. तेव्हा कॅमेरा बदलल्याशिवाय या फिल्टरवर पैसे घालू नका. ओमेगा सेंटॉरीला यातलं काहीच लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून.

प्रश्न : ईक्यू५ माउंट, ७२ मिमीची ४२० नाभीय अंतराची दुर्बीण. ध्रुव नीट साधूनही दोन मिनिटांच्या फोटोत कधी तारे गोल, कधी अंडाकृती. विक्रेता म्हणतो ध्रुव चुकला, मित्र म्हणतो वारा. (एक वाचक, नांदेड)

उत्तर : ‘कधी गोल, कधी अंडी’ या चार शब्दांत निदान आलं. ध्रुव चुकला असता तर अंडी प्रत्येक फोटोत आणि एकाच बाजूला पडली असती. वाऱ्यानं तारे वेडेवाकडे होतात. तुमचा आजार थांबून थांबून परत येतो, म्हणजे तो गोल फिरणाऱ्या कशात तरी आहे.

ईक्यू५ च्या मुख्य अक्षावर १४४ दातांचं चाक आहे आणि त्याला एक वर्म (स्क्रूसारखे आटे पाडलेला दांडा) फिरवतो. ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा, म्हणजे ८६,१६४ सेकंद. भागिले १४४. उत्तर ५९८. दहा मिनिटांना दोन सेकंद कमी असताना वर्मचा एक फेरा पूर्ण होतो. आता जगातला कुठलाही वर्म पूर्ण गोल कापलेला नसतो, मी स्वतः कापलेलेही नव्हते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात तो तारा थोडा पुढे नेतो, थोडा मागे. उताराच्या मधोमध फोटो घेतलात तर अंडी, टोकाशी घेतलात तर गोल.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर तारा स्वतःच आलेख काढून देतो. मृग माथ्यावर असताना माउंटचा तळ मुद्दाम एक अंश पूर्वेला फिरवा; हात लांब केल्यावर करंगळीची जाडी असते तेवढा. कॅमेऱ्याची आयएसओ १०० वर आणा आणि सलग दहा मिनिटांचा एकच फोटो घ्या. आकाश उजळेल, उजळू द्या. ध्रुव चुकल्यामुळे तारा दक्षिणोत्तर सरकत जाईल आणि वर्ममुळे पूर्व-पश्चिम झुलेल. दोन्ही मिळून नागमोडी रेघ उमटेल. फोटो मोठा करून त्या वळणाची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. तुमच्या दुर्बिणीवर एक पिक्सेल सुमारे दोन विकला. माझ्या जुन्या माउंटचं वळण चौदा पिक्सेल निघालं होतं. तो कागद मी लेथच्या मापांच्या वहीत डकवून ठेवलाय.

वळण गुळगुळीत असेल तर माउंट निरोगी समजा. एक छोटी गाइड दुर्बीण, तिला एक छोटा कॅमेरा आणि ‘पीएचडी२’ हे मोफत सॉफ्टवेअर जोडा. ते तारा सरकताना पाहून मोटरला हाका मारत राहतं. तोवर दोन मिनिटांऐवजी ४५ सेकंदांचे फोटो घ्या आणि अंडी आलेले फेकून द्या. वळणात मध्येच खाच दिसली तर दातांत कचरा किंवा वाळलेलं ग्रीस आहे. आणि समतोल साधताना पूर्वेची बाजू किंचित जड ठेवा. काट्यावर बरोबर तोललेलं यंत्र दातांमधल्या फटीत इकडून तिकडे डुलत राहतं. पूर्व जड असली की दात एकाच अंगाला टेकून राहतात. वर्मचे स्क्रू आवळायची घाई मात्र नको. आवळलेला वर्म थंडीत अडकतो.

प्रश्न : काका, मी अकरावीत आहे. शाळेची ६ इंची दुर्बीण आमच्या शेतावर आणायला सरांनी परवानगी दिली आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काय काढता येईल? (एक वाचक, जत)

उत्तर : अगं, जतसारखं कोरडं आकाश आम्ही कोल्हापूरकर गाडीत पेट्रोल घालून शोधतो! चंद्र काढ. पण पौर्णिमेचा नको, त्यावर सावल्या नसतात, भाकरीसारखा सपाट दिसतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या रेघेजवळ बघ. मधोमध टॉलेमेअस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरं एकाखाली एक दिसतील.

२५ मिमीचं आयपीस (डोळा लावायची भिंगनळी) लाव. मोबाइल हातात धरू नकोस. जुन्या कव्हरला कॅमेऱ्यापाशी भोक पाड, आयपीसवर घट्ट बसेल असा पीव्हीसी पाइपचा तुकडा त्याला चिकटव आणि मोबाइल त्यात बसव. पडद्यावर चंद्रावर बोट दाबून ठेवलं की फोकस आणि उजेड पक्का होतो. मग उजेड थोडा कमी कर. फोटोऐवजी अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घे. त्यातल्या चांगल्या चौकटी निवडून एकत्र करायला ‘ऑटोस्टॅकर्ट’ मोफत मिळतं, शाळेच्या संगणकावर चालेल. दुर्बीण संध्याकाळीच बाहेर काढून ठेव. आरसा गार होईपर्यंत चंद्र उकळत्या पाण्यात पडल्यासारखा हलतो.

प्रश्न : वडील चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गिअर, वजनं, संगणक हे त्यांना झेपणार नाही. सीस्टार एस५० (मोबाइलवरून चालणारी स्वयंचलित दुर्बीण) घ्यावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घ्या. हे लिहिताना माझ्यातला टर्नर कुरकुरतोय, पण घ्या. ५० मिमीची काच, २५० मिमी नाभीय अंतर, तेजोमेघांचा फिल्टर आतच. दहा-दहा सेकंदांचे फोटो घेऊन स्वतःच रचतो आणि मोबाइलवर दाखवतो. चौकट अरुंद आहे, देवयानी एका फोटोत मावणार नाही. चंद्र अख्खा मावतो.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. तांदळाच्या डब्यात ठेवू का? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : नको, पिठूळ कण आत जातात. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या गोळ्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. गोळ्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कोरड्या भाजून परत वापरता येतात. फक्त भांडं वेगळं ठेवा, निळ्या गोळ्यांत कोबाल्टचा क्षार असतो आणि तो पोटात जाणं बरं नाही. मी आमच्या घरातल्या कढईत भाजल्या होत्या. ती कढई आता माझी आहे. स्वयंपाकघरासाठी नवी आणावी लागली.