विश्वास कमी पडला म्हणून हार आली का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी समुपदेशन करताना ख्रिस्ती कुटुंबांतील माणसांच्या तोंडून एक चिंता मी वारंवार ऐकत आले आहे. कोणाचे पीक बुडालेले असते, कोणी पोलीस भरतीची वयोमर्यादा ओलांडलेली असते, कोणाला दुकान बंद करावे लागलेले असते. पण बोलणे तेवढ्यावर थांबत नाही. ‘आमचाच विश्वास कमी पडला असेल,’ असे शेवटी येतेच. नुसते अपयश माणूस कसेबसे सोसतो. देवासमोरही आपण नापास झालो असे वाटू लागले, की जिथे आधार मिळायचा तीच जागा तो टाळू लागतो.

असेच एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहाने माझ्याकडे आले. ओळख पटू नये एवढे तपशील मी बदलले आहेत. चाळिशीचे कास्तकार, उपासनेत गीत उचलून देणारे, आणि ज्यांच्या वडिलांना चर्चच्या मंडळीत व गावात मान होता असे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खाल्ली, पुढे एका वर्षी कापून ठेवलेले सोयाबीन पावसात भिजले, कृषी केंद्राची उधारी वाढत गेली आणि अखेर वडिलोपार्जित तीन एकर विकावे लागले. तेव्हापासून रविवारी घरचे उपासनेला निघाले, की हे वावरात जाऊन बसत.

जीव द्यावासा वाटतो का, हे मी पहिल्याच भेटीत सरळ विचारले. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, कोंडलेले बोलायला वाट मिळते. त्यांनी होकारार्थी मान हलवली. म्हणून इतर सर्व बाजूला ठेवून फवारणीची औषधे त्यांच्या भावाकडे, दुसऱ्या गावी, हलवायला लावली आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले. प्रार्थना की गोळ्या, अशी निवड करू पाहणारे पुष्कळ भेटतात. ती निवड मी कोणालाही करू देत नाही.

झोप थोडी सुधारल्यावर ते मोकळे झाले. ‘बाबानं पोटाले चिमटा घेऊन वावर जोडलं, मॅडम, अन् म्या ते इकलं. बाबाच्या नखाची सर नाही माह्यात.’

अशा वेळी दिनदर्शिकेवर छापलेले, चांगल्या भविष्याची आशा देणारे बायबलमधील यिर्मया २९:११ हे वचन लोक हातात ठेवतात. मी ठेवत नाही. त्याच्या अगोदरच्याच वचनात बाबेलमधील ७० वर्षांच्या बंदिवासाचा उल्लेख आहे, हे छापणारे सोयीस्करपणे गाळतात. मी त्यांना बायबलमधल्याच ‘पहिले राजे’ या पुस्तकाचा १९ वा अध्याय मोठ्याने वाचायला सांगितले. कर्मेल डोंगरावर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला तो एलीया संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. ‘मी आपल्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही,’ या त्याच्या शब्दांपाशी वाचणारा आवाज थांबला.

‘हे तं माहंच बोलनं हाये.’

‘याचा विश्वास कमी होता का?’ मी विचारले.

ते मागचे पान उलटून अग्नीच्या प्रसंगापर्यंत गेले आणि परत आले. ‘नाही.’

‘मग देवाने त्याला काय म्हटले?’

बराच वेळ ते त्याच ओळींवर बोट फिरवत राहिले. ‘काहीच नाही. झोपू देलं. दूत आला, भाकर देली, पानी देलं. पुन्हा झोपला, तं पुन्हा उठवून जेवाले देलं.’ आणि मग, जणू माझ्यावर आरोप करावा तशा स्वरात: ‘रागावलाच नाही, मॅडम.’

त्या दिवशी ते माझ्यासमोर प्रथमच रडले. हा अध्याय मी लहानपणापासून वाचत आले आहे, पण त्याचे मर्म मला या कामातच कळले. एलीया स्वतःला वाडवडिलांशी तोलतो आणि देव त्या तुलनेला उत्तरच देत नाही. ‘तू त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ आहेस’ अशी समजूतही घालत नाही. तो ताजवाच उचलून बाजूला ठेवला जातो. कृतीचे मोजमाप करावे, माणसाचे करू नये, असा आग्रह मानसोपचारातील विचारवंत अल्बर्ट एलिस यांनी आयुष्यभर धरला आणि माझी सारी घडण त्यांच्याच विचारातली आहे. ते स्वतः देव मानत नसत. तरी देवाचे प्रेम पात्रता पाहून मिळत नाही, ही कृपेची शिकवण माझ्या मते याच्या फार जवळ जाते. वावर विकण्यात निर्णयाच्या चुका होत्या, त्या आम्ही कागदावर मांडल्याही. त्या चुका म्हणजे तो माणूस नव्हे, हे मात्र माझ्या तोंडून शंभरदा ऐकण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या वाचनातून एकदा आले, याचे मला अधिक मोल वाटते.

पुढे होरेब डोंगरावर ‘मीच एकटा उरलो आहे’ असे एलीया म्हणतो, तेव्हा त्याला नवे काम मिळते आणि आणखी ७००० जण निष्ठावान असल्याचे कळते. हे वाचल्यानंतर त्यांनी पत्नीला कर्जाचा खरा आकडा सांगितला, तो तिलाही ठाऊक नव्हता. पाळकांशी बोलल्यावर मंडळीतील आणखी एक कास्तकार त्याच फेऱ्यात असल्याचे कळले आणि कर्जाच्या पुनर्गठनासाठी दोघे मिळून बँकेत गेले. गेलेले तीन एकर परत आलेले नाहीत. गीत ते अजून उचलत नाहीत, पण उपासनेला शेवटच्या रांगेत बसतात, आणि मी त्यांना पुढे सरकण्याची घाई करत नाही.

घरच्यांना आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांना माझे सांगणे असे, की ‘विश्वास वाढवा’ हे वाक्य अशा माणसासमोर उच्चारू नये. बायबलमधील ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले होते. त्यांचे चुकले ते कारणे समजावू लागल्यावर. तेव्हा बसा, जेवू घाला, झोप लागते का ते विचारा. त्या माणसाच्या बोलण्यात मरणाचा विषय डोकावला, तर रविवारची वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो रात्रंदिवस सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.