थीम पार्कची सहल आणि खिशाचे गणित

प्रश्न : आम्ही ऐरोलीत राहतो. मुले तीन आणि सहा वर्षांची आहेत. दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला दोन दिवस जाण्याचा विचार आहे, पण खर्चाचा अंदाज येत नाही. हिशेब कसा मांडावा?

उत्तर : सर्वप्रथम दोन्ही मुलांची उंची घरी मोजून घ्या, कारण तेथे लहान मुलांचे तिकीट वयावर नव्हे, तर उंचीवर ठरते आणि मोठ्या राइडवर बसू द्यायचे की नाही, हेही मोजपट्टीच ठरवते. तीन वर्षांच्या बाळाला बसता येतील अशा राइड मोजक्याच असल्याने दुसऱ्या दिवशी वॉटर पार्कचे वेगळे तिकीट आणि मुक्कामाचे भाडे भरणे मला तरी परवडणारे वाटत नाही. ऐरोलीहून पहाटे निघून रात्री परतता येते. एकच दिवस ठेवा. शनिवार-रविवार आणि सुट्टीच्या दिवसांत तिकीट महाग असते, त्यामुळे दिवाळीनंतरचा, शाळा उघडण्याआधीचा एखादा मंगळवार-बुधवार निवडावा. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी घरूनच पोहे-थालीपीठ पोटभर खाऊन निघावे आणि आतल्या जेवणाची रक्कम तिकिटाइतक्याच गांभीर्याने वेगळी काढावी. खरी गळती होते ती बाहेर पडताना, खेळण्यांच्या दुकानात. मोठ्याच्या हातात शंभर-दोनशे रुपये आधीच देऊन ‘यातच काय ते घे’ असे सांगितल्यास हट्ट बराच आटोक्यात राहतो.